मगदूमकाकूंची डावी बाजू

डोकं

“केसांतल्या पिना काढा. सगळ्या.”

“काढल्या की ओ.”

“एक राहिलीय. मागच्या बाजूला.”

रत्नमाला मगदूम यांनी हात मागे नेला, पिन ओढून काढली आणि दातांत धरली. मी हात पुढे केला तेव्हा हसल्या. “टेलरची सवय, बाई. टाचणी असो नाहीतर पिन, पहिली तोंडात.”

मिरजेतल्या एका हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, शेवटच्या खोलीत, हाडांची घनता मोजायचं यंत्र होतं. मी ते चालवायची. या गोष्टीला सोळा वर्षं झाली. यंत्र डोक्यापासून सुरू करतं आणि रेघ रेघ करत पायांपर्यंत उतरतं. मीही तसंच सांगायला घेतलंय. फक्त मध्ये एक जागा सोडून पुढे जाईन आणि तिथे नंतर परत येईन.

काकूंचं वजन त्या दिवशी एकशे अडतीस किलो होतं. तेरा दिवसांनी वजन कमी करायचं ऑपरेशन होतं; जठर लहान करणार होते. अशा ऑपरेशननंतर चरबीबरोबर हाडंही झिजतात. किती झिजतात ते बघायला डॉ. बिवलकरांनी बारा पेशंट निवडले होते. ऑपरेशनच्या आधी एकदा, मग सहा महिन्यांनी, वर्षाने, दोन वर्षांनी. चार वेळा येऊन त्याच टेबलावर झोपायचं.

“दुखतं काय?”

“नाही. फक्त हलायचं नाही. बारा मिनिटं.”

“बारा मिनिटं नुसतं पडायचं? लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.”

त्या टेबलावर झोपल्या. टेबलाला दोन्ही कडांच्या आत एकेक निळी रेघ होती. यंत्राला दिसतं ते त्या दोन रेघांच्या मधलं. काकू मावत नव्हत्या.

“उजवीकडे सरका. अजून. अजून थोडं.”

उजवं अंग पुरतं रेघेच्या आत आलं. डावा हात, डावी कूस, डावी मांडी बाहेर. मी एक स्टूल ओढलं, त्यावर उशी ठेवली आणि त्यांचा डावा हात तिच्यावर टेकवला.

“ही बाजू बाहेरच राहिली की.”

“चालतं. डावी यंत्र भरून घेतं.”

“कशी?”

“उजवीवरून.”

त्यांनी छताकडे बघितलं. “मग तिला सांगा, बाहेर थांब म्हणून. बिचारी.”

मी हसले. यंत्र सरकू लागलं. पडद्यावर कवटीचा अर्धा भाग उमटला, मग अर्ध्या फासळ्या, अर्धं कटीर, एक पाय. उभा चिरलेला माणूस. मग मी एक कळ दाबली आणि उरलेला अर्धा शेजारी येऊन उभा राहिला. असं मी रोजच करायची.

*उजवा पाय १.३१२. डावा पाय १.३१२.*

कपडे बदलून बाहेर पडताना काकू दारात थांबल्या. माझ्याकडे टेलर बघतात तसं बघितलं, म्हणजे चेहऱ्याखाली.

“तुमचा डावा खांदा उतरलाय. ब्लाउज घसरतो ना?”

“नाही,” मी म्हणाले.

घसरायचा.

उजवा हात

हे आधी सांगायला हवं होतं. टेबलावर घ्यायच्या आधी आम्ही फॉर्म भरतो.

“अंगात कुठे धातू? स्क्रू, पट्टी?”

“सुई आहे.”

मी मान वर केली.

“हे बोट.” त्यांनी उजव्या हाताची तर्जनी पुढे धरली. “मशीनची सुई मोडली आणि टोक आत राहिलं. मुलगी पोटात होती तेव्हा. डॉक्टर म्हणाले, काढायला गेलो तर बोट अधू होईल. मग राहू दिली. आता एकवीस वर्षांची आहे ती.”

“मुलगी?”

“दोघी.”

बोटावर बाहेरून काही दिसत नव्हतं. फॉर्मवर मी लिहिलं: उजवी तर्जनी, धातू, बारीक.

डावा हात

नोंद नाही.

कणा

आमचा रोजचा पहिला पेशंट म्हणजे आबा. आबा हा प्लास्टिकच्या ठोकळ्यात बसवलेला नकली कणा, चार मणक्यांचा. रोज सकाळी यंत्र चालू केलं की आधी आबाला टेबलावर झोपवायचं आणि मोजायचं. आबाचा आकडा ठरलेला. तोच आला की यंत्र ठीक. मी नोकरीला लागले तेव्हापासून आबा एका केसानेही बदलला नव्हता. तोच आकडा रोज बघितला की मला बरं वाटायचं. सारखेपणा दिसला की सगळं ठीक आहे, असं माझं डोकं मानायला लागलं होतं.

काकूंच्या दुसऱ्या तपासणीच्या आदल्या दिवशी मी डॉ. बिवलकरांना विचारलं होतं.

“सर, बारापैकी चार-पाच जण आता दोन्ही रेघांच्या आत मावतात. त्यांचं पूर्ण अंग घेऊ का?”

“पहिल्या वेळी अर्धं घेतलं होतंस ना, स्वरूपा?”

“हो.”

“मग शेवटपर्यंत अर्धंच. मध्येच पद्धत बदललीस आणि आकडा उतरला, तर हाड झिजलं म्हणून उतरला की पद्धत बदलली म्हणून, हे कोण सांगणार? पहिल्यासारखंच सगळं. अगदी पहिल्यासारखं.”

मला ते पटलं. आजही त्यात चूक काढायला बसले तर पटकन सापडत नाही.

फासळ्या

सहा महिन्यांनी काकू आल्या. एकशे चार किलो. चेहऱ्याची कातडी सैल पडली होती आणि डोळे मोठे दिसत होते. टेबलावर चढल्या आणि मी सांगायच्या आधीच उजवीकडे सरकल्या.

“हात कुठे ठेवू? स्टूल?”

“स्टूल नको आता. टेबलावरच ठेवा.”

“मग ती कुठे ठेवेल?”

“कोण?”

त्या हसल्या. “काही नाही ओ. चौतीस किलो बाई गेली माझ्यातली. दुपारी जरा आडवी होते ना, तर वाटतं, शेजारी कोणीतरी पडलंय. डाव्या अंगाला. गादी तिकडे दबते.”

“सवय असते अंगाला,” मी म्हणाले. “वजन उतरलं तरी डोक्याला कळायला वेळ लागतो. बरेच जण दारातून तिरके होऊन जातात, अजून जाड असल्यासारखे.”

“मीही जाते. पण मी जाते म्हणून तीही येते.”

“गोळ्या घेताय ना? कॅल्शियम?”

“घेते. पोटात काय राहतंय?”

“हलू नका.”

अर्धी कवटी, अर्ध्या फासळ्या, अर्धं कटीर. मी कळ दाबली.

*उजवा पाय १.२७०. डावा पाय १.२७०.*

दुसऱ्या दिवशी सकाळी आबाला घेऊन टेबलापाशी गेले तर कागदी चादर डाव्या बाजूला चुरगळलेली होती. आदल्या दिवशीची शेवटची पेशंट म्हणजे काकू, आणि त्या उजवीकडे झोपल्या होत्या. सफाईवाल्या बाई टेकल्या असतील. मी चादर बदलली.

पाय

खुबा सोडून पुढे आले आहे.

वर्षाने काकू एकोणऐंशी किलोच्या होत्या. खोलीत आल्या तेव्हा मी ओळखलं नाही, हसल्या तेव्हा ओळखलं. आणि चाल वेगळी होती.

“पाय ओढताय?”

“हेच विचारायला आले. डावा. इथपासून,” त्यांनी जांघेवर हात ठेवला, “इथपर्यंत. पाऊल टाकलं की खोल आत काहीतरी होतं. दुखतंय म्हणावं तर तसं दुखत नाही. तो पाय माझा नाहीच, असं वाटतं. उजवा मी टाकते, डावा ती टाकते.”

“काकू.”

“हसू नका, बाई. दुकानात बसते तेव्हा मोटरचं पॅडल उजव्या पायाखाली. बत्तीस वर्षं सगळं काम उजव्याने केलं. डावा गुडघा आधीपासून वाईट, म्हणून उभं राहतानाही भार उजव्यावर. डावा नुसता बरोबर असतो. आता वाटतं, तेवढ्यात तिने घेतला.”

टेबलावर झोपल्या. उजवीकडे. त्यांच्या डाव्या अंगाला आता हातभर जागा मोकळी होती. एक बारीक माणूस झोपेल एवढी.

यंत्र फिरलं. मी कळ दाबली. कागद निघाला आणि मी तो हातात घेऊन त्यांच्याजवळ गेले. त्यांना बरं वाटावं असं मला मनापासून वाटत होतं.

“हे बघा. उजवा पाय एक पूर्णांक दोन दोन आठ. डावा पाय एक पूर्णांक दोन दोन आठ. थोडे झिजलेत, पण अपेक्षेएवढेच. आणि दोन्ही अगदी सारखे. डाव्यात काही असतं तर इथे दिसलं असतं ना?”

“नक्की?”

“यंत्र खोटं बोलत नाही.”

“मग चालायला हरकत नाही?”

“उलट चाला. जेवढं चालाल तेवढं हाडाला चांगलं.”

त्यांचा चेहरा खुलला. माझा हात दाबून गेल्या. मी आकडे रजिस्टरला चढवले.

*उजवा पाय १.२२८. डावा पाय १.२२८.*

खुबा

आणखी एका वर्षाने, मार्चमध्ये, सकाळी अकराच्या सुमारास काकू शेवटच्या तपासणीला आल्या. अडुसष्ट किलो. रिक्षावाल्याने हाताला धरून आत आणलं. टेबलावर मीच चढवलं. काम झालं तेव्हा त्या उठून टेबलाच्या कडेवर बसल्या, पाय खाली सोडून. जमिनीवर टेकवले नव्हते अजून.

“दोन वर्षं झाली,” म्हणाल्या. “आता परत बोलावणार नाही. एकदा मला दाखवा तरी, मी कशी दिसते.”

पेशंटला आम्ही पडदा दाखवत नाही. पण ती शेवटची वेळ होती. मी पडदा त्यांच्याकडे वळवला.

त्या वरून खाली बघत आल्या.

“हे डोकं.”

“हो.”

“हे हात. ही बोटं.” त्या पुढे वाकल्या. “हा पांढरा ठिपका?”

“तुमची सुई.”

“अगं बाई. इतकीशी?” त्यांनी आपलं बोट बघितलं, मग पुन्हा पडदा. “आणि हा?”

डाव्या हाताच्या तर्जनीत, त्याच जागी, तेवढाच एक ठिपका.

मी बघत राहिले. दोन वर्षांत चार वेळा ते चित्र माझ्यासमोर उमटलं होतं. चारही वेळा दोन ठिपके असणार.

“माझ्या एकाच हातात सुई आहे, बाई.”

“ते… यंत्र उजवीवरून डावी भरतं. पहिल्या दिवशी सांगितलं होतं तुम्हाला.”

“पहिल्या दिवशी मी मावत नव्हते.”

“हो.”

“आता मावते की.”

मी मान हलवली.

“मग अजून का भरता?”

“नियम आहे. पहिल्यासारखंच करायचं असतं, नाहीतर तुलना होत नाही.”

“कागद द्या तो. मागचेही द्या.”

मी फाइल दिली. त्यांनी चष्मा लावला आणि चारही कागद मांडीवर पसरले. उजवीकडच्या रकान्यावर एक बोट ठेवलं, डावीकडच्यावर दुसरं, आणि दोन्ही बोटं एकदमच खाली नेली. मापाची वही वाचावी तशी.

“तेहतीस वर्षं मापं घेते मी. कापड दुमडून कापतो आम्ही, ते वेगळं. माप दोन्हीकडचं घेते. दोन्ही खांदे सारखे, दोन्ही दंड सारखे अशी बाई अजून माझ्या दुकानात आली नाही. एकच आहे तसली, काचेत उभी. साडी नेसवलेली.” त्यांनी कागद परत दिले. “ही पुतळीची मापं आहेत.”

“काकू, मी…”

“मागच्या वर्षी तुम्ही म्हणालात, दोन्ही सारखे. चाला म्हणालात. रोज सकाळी तळ्यापर्यंत चालत गेले आणि आले. दुखलं तरी. म्हटलं, कागदावर दिसत नाही म्हणजे मनाचेच खेळ.” आवाज चढला नव्हता. “माझी डावी बाजू आजपर्यंत कुणी बघितलीच नाही, होय ना?”

“नाही.”

“मग बघा.”

मी डॉ. बिवलकरांना फोन लावला. ते ओपीडीत होते. मी दोन ठिपक्यांचं आणि डाव्या पायाचं सांगितलं.

“दुखत असेल तर हाडांच्या डॉक्टरकडे पाठव. यंत्रावर नवीन काही करू नकोस आज. त्यांचं दोन वर्षांचं सगळं बाद होईल. आणि डाव्यात वेगळं काय असणार आहे, स्वरूपा?”

“माहीत नाही, सर. म्हणूनच.”

मी फोन ठेवला. काकू अजून तशाच बसल्या होत्या. डावं पाऊल हवेत हळूहळू मागे-पुढे हलत होतं आणि त्यांचं त्याकडे लक्ष नव्हतं.

“पाय वर घ्या. झोपा.”

झोपल्या. उजवीकडे.

“मधोमध, काकू.”

“इथे ती असते.”

“तिला म्हणावं, सरक.”

माझ्याच तोंडून गेलं. त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी कडा धरून हळूहळू मध्ये सरकल्या. अगदी हळू. कोणाला धक्का लागू नये अशा. टेबल करकरलं. त्यांच्या सरकण्याने करकरलं, हे मला माहीत आहे.

मी यंत्राची ‘अर्धं’ ही खूण काढली. त्यांच्यासाठी ती पहिल्यांदाच निघत होती.

रेघ रेघ उतरू लागली. पूर्ण कवटी. मग खांदे, आणि डावा खांदा उजव्याहून खाली. फासळ्या डावीकडे जरा आत दबलेल्या. डावा हात आला, बोटं आली. ठिपका नव्हता. इतका वेळ मला त्या बाजूला कुणीतरी तिसरंच माणूस दिसेल अशी भीती होती. दिसत होतं ते त्याहून विचित्र होतं, कारण ते ओळखीचं होतं. त्यांच्या चालीसारखंच होतं. थकलेलं, एका अंगाला झुकलेलं. दोन वर्षं ते आमच्या रेघेच्या बाहेर पडून होतं.

मग खुबा आला. उजवीकडे पांढरा, डावीकडे राखाडी. मांडीचं हाड जिथे वळून कटिराला भिडतं, त्या मानेवर एक तिरपी रेघ होती. आमच्या यंत्रावर हाडाची चीर सहसा दिसत नाही. मी डोळे पुसले. ती तिथेच होती. बारीक, अर्ध्यापर्यंत गेलेली.

यंत्र थांबलं.

“झालं?” काकूंनी कोपरावर भार दिला.

“उठू नका.”

“का?”

“उठू नका, काकू. पाय खाली ठेवू नका. हलू नका.”

मी धावत जाऊन त्यांच्या दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, जो मी पुन्हा माझ्याकडे वळवून घेतला होता.

“कोण दिसलं?”

“तुम्ही.”

“सगळी?”

“सगळी.”

*उजवा पाय १.१९०. डावा पाय ०.८४६.*

डावा खांदा

एक्स-रेत तेच निघालं. स्ट्रेचरवरूनच वर नेलं आणि दुसऱ्या दिवशी तीन स्क्रू बसवले. हाडांचे डॉक्टर म्हणाले, चीर अर्धी गेली होती. आठवडाभर अशाच चालल्या असत्या तर मोडून पडल्या असत्या.

डॉ. बिवलकर संध्याकाळी खाली आले. दोन्ही चित्रं शेजारी लावून बघत बसले. जाताना म्हणाले, “सगळ्यांना परत बोलव. पूर्ण.”

बाकी अकरा जणांना मी फोन केले. नऊ आले. एकाचा नंबर बदलला होता. शेवटच्या पेशंटचा फोन त्यांच्या मुलाने उचलला. मी म्हणाले, डावी बाजू पुन्हा मोजायची आहे. तो म्हणाला, बाबा दिवाळीत न्हाणीघरात डाव्या अंगावर पडले, त्यातून उठलेच नाहीत, आता कशी मोजणार? त्याने ते रागाने विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं.

त्यांच्या शेवटच्या कागदावरही दोन्ही रकाने सारखेच होते.

जूनमध्ये काकू काठी टेकत माझ्या खोलीत आल्या. गळ्यात मापाची फीत.

“उभ्या राहा.”

“कशाला?”

“ब्लाउज शिवते तुमचा. सरळ उभ्या राहा. हलू नका.”

मी हलले नाही. त्यांनी उजव्या खांद्याचं माप घेतलं, वहीत लिहिलं. मग काठीवर भार देत माझ्या मागून फिरून डावीकडे आल्या, फीत पुन्हा लावली.

“पाऊण इंच खाली,” म्हणाल्या. “तुम्ही ‘नाही’ म्हणाला होता.”

“काकू, ती… अजून येते?”

त्यांनी पेन्सिल थांबवली.

“माझ्याकडे? नाही. आता दोन्ही पाय मीच टाकते.” त्यांनी टेबलाकडे बघितलं. “ती इथेच राहिली असणार. पहिल्या दिवशीची. तिला कुणी मोजलीच नाही ना. आता मोजता येतेय थोडीच?”

वही मिटून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबाला टेबलावर ठेवलं. आकडा तोच आला. आबाला उचलून खोक्यात ठेवलं, चादर सरळ केली. मग दार लावून घेतलं आणि रिकाम्या टेबलावर यंत्र चालू केलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत, पूर्ण.

पडदा काळाच राहिला. मध्ये थांबवता आलं असतं. मी बारा मिनिटं उभी राहिले.